नापास पिल्लांचीही नोंद ठेवा: कामाच्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना खुले पत्र

कामाच्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्या सर्वांना, आणि कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोड लावावी याचे नियम ठरवणाऱ्या जातिसंघटनांना,

सप्रेम नमस्कार.

मी पैदास करत नाही. तुमच्याकडे जन्मलेली कुत्री माझ्याकडे शिकायला येतात. त्यामुळे तुम्ही जाहिरातीत काय लिहिलं आणि माझ्यापुढे प्रत्यक्षात कोणतं जनावर उभं राहिलं, हे दोन्ही मला दिसतं. गेली काही वर्षं त्या जाहिरातींत एक वाक्य सारखं येतं: 'सर्व कामांसाठी योग्य.' कळप वळेल, घर राखेल, माग काढेल, मुलांत रमेल. त्या वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे.

चौदा महिन्यांची एक मादी माझ्याकडे आली होती. बाप मेंढ्या वळणाऱ्या वंशातला, आई कळपाच्या राखणीसाठी नावाजलेल्या थोराड जातीची. पैदासकाराचा हिशेब असा, की पोर दिवसा कळप वळेल आणि रात्री राखेल, मालकाला दोनऐवजी एकच कुत्रं पोसावं लागेल. मेंढ्या समोर आल्या की ती अंग जमिनीला टेकवून नजर रोखायची, दोन पावलं पुढं सरकायची आणि मग जणू विसरून जायची. उठून कळपातच जाऊन बसायची. रात्री, कोणी जवळ नसताना, कोकरांच्या मागे लागायची. तिसऱ्या आठवड्यात तिने एका कोकराची मांडी फाडली. पैदासकाराने मला सांगितलं, तुमचं शिकवणं कमी पडतंय. मी ते खरं मानलं आणि सात महिने तिच्यामागे घालवले. त्या सात महिन्यांत तिला मी जितकं रागावले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिची काहीच चूक नव्हती. तिच्या अंगात दोन स्वभाव उतरले होते, दोन्ही अर्धवट, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येणारे.

आड का येतात, हे पैदास करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. लांडग्याच्या शिकारीला पायऱ्या असतात: सावज हेरणं, नजर रोखणं, दबा धरत सरकणं, पाठलाग, पकड आणि शेवटी जीव घेणारा चावा. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी १९७० च्या दशकापासून राखणदार आणि वळणाऱ्या कुत्र्यांवर काम करताना दाखवून दिलं, की कामाच्या जाती म्हणजे याच साखळीची कुठे ताणलेली, कुठे तोडलेली रूपं आहेत. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कोलीत नजर, दबा आणि पाठलाग हे दुवे कमालीचे वाढवलेले असतात, चावा दाबलेला असतो. टिपलेलं पाखरू आणून देणाऱ्या रिट्रीव्हरमध्ये पकड हवी, पण ती पिसाला धक्का न लावणारी. मेंढ्यांमध्ये लहानाचा मोठा होणारा राखणदार मात्र असा लागतो, की मेंढीच्या बाबतीत त्याच्यात ही साखळी जवळजवळ जागीच होत नाही. मेंढीकडे रोखून पाहणारा राखणदार कळपाला धोका, आणि मेंढीकडे रोखून न पाहणारा कोली बिनकामाचा. एकीकडे जो गुण, तोच दुसरीकडे दोष. दोन जातींचा संकर करून या दोन टोकांची बेरीज होत नाही, आणि झाली तर कशी होते ते मी वर सांगितलं.

म्हणून एका कुत्र्याने एकच काम करावं, असं माझं म्हणणं आहे का? अजिबात नाही. एकाहून अधिक कामांसाठी उत्तम पैदास झालेली आहे, आणि ती कशी झाली हे पाहिलं तर आपलं कुठे चुकतं तेही दिसतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांची कामं वाटून दिलेली होती. पॉइंटर आणि सेटरने पाखरू हुडकून थबकायचं, स्पॅनियलने झुडपातून उठवायचं, रिट्रीव्हरने पडलेलं आणून द्यायचं. जर्मनीत शिकारी लोकांना आणि वनरक्षकांना असा कुत्रा हवा होता, जो शेतात पाखरासमोर थबकेल, रानात जखमी हरणाच्या रक्ताचा माग काढेल आणि पाण्यात उतरून बदकही आणेल. 'हेगेवाल्ड' या टोपणनावाने लिहिणाऱ्या झेडलिट्झ या सरदाराने अशा कुत्र्याचा जन्मभर आग्रह धरला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुत्र्यांच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि १८९९ मध्ये चाचण्या घेणाऱ्या मंडळांची एक शिखर संघटना उभी राहिली. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, वायरहेअर्ड पॉइंटर, म्युन्स्टरलेंडर हे याच आग्रहातून घडले.

त्या चाचण्यांची रचना मला फार शहाणपणाची वाटते. कुत्रा जन्मला त्याच्या पुढच्या वसंतात पहिली चाचणी, तेव्हा तो जेमतेम वर्षाचा असतो. त्यात पाहतात काय, तर सशाच्या मागावर नाक किती टिकतं, शोधण्याची हौस किती, थबकण्याची उपजत वृत्ती आहे का, आणि माणसाबरोबर काम करायची इच्छा आहे का. शिकवलेलं कसब अजून फारसं चढलेलं नसतं, त्यामुळे आई-बापांकडून आलेलं उघडं दिसतं. शरद ऋतूत दुसरी चाचणी होते, तिच्या तर नावातच 'पैदास' हा शब्द आहे. पूर्ण शिकलेल्या कुत्र्याची शेत, रान, पाणी आणि आज्ञापालन अशी मोठी परीक्षा त्यानंतर येते. पहिल्या दोन चाचण्यांत पिल्लाला गुण मिळतात, पण निकाल लागतो तो त्याच्या आई-बापांचा. ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणांच्या मनात पक्की आहे, मला शंका आहे. चषक कपाटात ठेवण्यासाठी चाचणी घेणं वेगळं, आणि पुढची जोड लावण्यासाठी घेणं वेगळं.

तिथे ही कामं एकत्र का नांदली? कारण थबकणं, माग काढणं आणि आणून देणं या तिन्हींच्या मुळाशी तेच नाक आहे, तीच चिकाटी आहे आणि सापडलेलं माणसाकडे घेऊन येण्याची तीच वृत्ती आहे. तरीही त्यांनी किंमत मोजली. एकाच कामासाठी पिढ्यान्पिढ्या निवडलेला इंग्लिश पॉइंटर उघड्या माळावर त्यांच्या कुत्र्याहून जास्त दूरवर पसरून आणि वेगाने धावतो. ही किंमत ते लपवत नाहीत. त्यांच्या शिकाऱ्याला ती परवडते, बस.

किंमत किती, याचं गणितही आहे. १९४२ मध्ये हेझल आणि लश या अमेरिकन संशोधकांनी पशुपैदाशीतल्या निवडीच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. त्यांच्या मांडणीतून एक साधा नियम निघतो: एकमेकांशी संबंध नसलेल्या आणि सारख्याच महत्त्वाच्या अनेक गुणांसाठी एकदम निवड केली, तर प्रत्येक गुणातली प्रगती गुणांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागली जाते. दोन गुण धरले तर प्रत्येकात सुमारे ७१ टक्के. चार धरले तर निम्मी. नऊ धरले तर एक तृतीयांश. गुण एकमेकांच्या विरोधात ओढत असतील तर याहूनही कमी, आणि एकमेकांना धरून चालत असतील तर जास्त. जाहिरातीत आणखी एका कामाचं नाव लिहिताना हा भागाकार आठवावा.

त्या तीन पद्धतींपैकी पहिली म्हणजे आधी एक गुण सुधारायचा, मग दुसरा. दुसरी, प्रत्येक गुणाची किमान पातळी ठरवायची आणि कोणत्याही एकात कमी पडलेल्याला बाद करायचं. तिसरी, सर्व गुणांना महत्त्वाप्रमाणे वजन देऊन एक एकूण आकडा काढायचा. तिसरी सर्वांत फलदायी, पहिली सर्वांत कमी. माझ्या पाहण्यातले बहुतेक पैदासकार नकळत पहिलीच वापरतात. एका पिढीत वाटतं की आपली कुत्री जरा मवाळ झाली, म्हणून कडक नर आणायचा. पुढच्या पिढीत ती चावरी झाल्यासारखी वाटतात, म्हणून मवाळ नर. वीस वर्षांनी वंश होता तिथेच असतो, आणि मधल्या काळात किती पिल्लं चुकीच्या घरी गेली याची मोजदाद नसते.

आता जर्मन शेफर्डचं सांगते, कारण 'एक जात, अनेक कामं' म्हटलं की सगळे त्याचंच नाव घेतात. १८९९ मध्ये या जातीचे जनक मानले जाणारे माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मनीतल्या कार्ल्सरुहेच्या प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला आणि त्याचं नाव होरांड फॉन ग्राफ्राट ठेवलं. त्याच वर्षी निघालेल्या जातिसंघटनेच्या वंशनोंदीत तो पहिला. पुढे मेंढपाळी आक्रसत गेली, तसं त्यांनी या कुत्र्याला पोलिसांच्या आणि सैन्याच्या कामाकडे वळवलं. ते जमलं कसं, याचं कारण मला त्या मेंढपाळीच्या पद्धतीत दिसतं. जर्मन मेंढपाळाचा कुत्रा कोलीसारखा डोंगरावरून मेंढ्या गोळा करून आणत नव्हता. उभ्या पिकाच्या कडेने मेंढ्या चरत, आणि कुत्रा दिवसभर चराच्या रेषेवर येरझारा घालून त्यांना पिकात जाऊ देत नसे. चालतं कुंपणच ते. धीर, नेम पाळणं, मालक लांब असतानाही हद्द न सोडणं, आणि गरज पडली तर घट्ट पण जखम न करणारी पकड हे सगळं तिथे आधीच होतं. नव्या कामांना नेमकं हेच लागत होतं.

१९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमध्ये युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी वाट दाखवणारे कुत्रे शिकवणारी शाळा निघाली. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी 'फॉर्च्युनेट फील्ड्स' नावाचं केंद्र उभारलं आणि तिथे केवळ कामासाठी शेफर्डची पैदास केली: सैन्यासाठी, पोलिसांसाठी, आणि पुढे अंधांसाठी. मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला १९२८ मध्ये तिथेच 'बडी' ही कुत्री मिळाली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था निघाली. युस्टिस यांचे सहकारी हम्फ्री आणि वॉर्नर यांनी पैदाशीचा सगळा वृत्तांत १९३४ मध्ये छापून जगापुढे ठेवला. जोड कुणाची लावली, पिल्लं कशी निघाली, कामात कशी उतरली, सगळा.

नोंदीची ही सवय पुढे किती कामाला आली पाहा. 'द सीइंग आय'मध्ये खुब्याच्या सांध्याचा हिप डिस्प्लेसिया हा दोष मोठा प्रश्न होता. त्यांनी एकेका कुत्र्याचा एक्स-रे पाहून थांबायचं सोडलं आणि भावंडं, आई-बाप, पिल्लं अशा सगळ्या नात्यांची माहिती एकत्र करून प्रत्येकाचं पैदासमूल्य, म्हणजे तो पिल्लांत काय उतरवेल याचा अंदाज, काढलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार पाच पिढ्यांच्या आत शेफर्डमधलं दोषाचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ वर आणि लॅब्रॅडॉरमध्ये ३० वरून १० वर आलं. कुत्र्याच्या हाडांत हे होऊ शकतं, तर स्वभावातही होऊ शकतं, फक्त अधिक सावकाश. कारण स्वभावाचे बहुतेक गुण वंशातून कमी प्रमाणात उतरतात, उरलेलं संगोपन आणि अनुभव ठरवतात. आणि म्हणूनच एका कुत्र्याची कामगिरी फार थोडं सांगते, सगळ्या वेताची कामगिरी बरंच सांगते.

हे उदाहरणाने सांगते. एका वेतात आठ पिल्लं झाली. एक विजेता निघाला, सात कुठेच चालली नाहीत. दुसऱ्या वेतातही आठ, त्यांतली सहा बरी निघाली, विजेता कोणी नाही. पुढच्या जोडीसाठी नर कोणत्या वेतातला घ्याल? तुमच्यापैकी बरेच जण विजेत्याकडे जातात, कारण सातांची नोंद कुठेच नसते. मी दुसऱ्या वेतातला घेईन, डोळे मिटून. बॉर्डर कोलीचा मूळपुरुष मानला जाणारा, १८९३ मध्ये जन्मलेला 'ओल्ड हेम्प' २०० हून अधिक पिल्लांचा बाप होता, असं सांगतात. तो खरोखर विलक्षण कुत्रा होता. पण एका मैदानात एकदा जिंकलेल्या नराकडे आज जी रांग लागते, तिथे त्याच्या भावंडांचं काय झालं हे विचारणारा कोणी नसतो, आणि तो दुसऱ्या ज्या कामासाठी विकला जातोय त्या कामात त्याला कोणी पाहिलेलंही नसतं.

आणखी एक फरक तुम्ही करत नाही, म्हणून मी करते. 'एक कुत्रा, दोन कामं' ही एक गोष्ट. 'एक वंश, वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी कुत्री' ही दुसरी. वाट दाखवणाऱ्या कुत्र्याने रस्त्यातल्या वासांकडे दुर्लक्ष करायचं असतं, शोधकुत्र्याने वासापायी जग विसरायचं असतं. एकाच कुत्र्याला ही दोन्ही कामं सांगणं क्रूरपणा आहे. पण एकाच वेतातली दोन पिल्लं या दोन कामांना जाऊ शकतात, आणि जातात. अंधांसाठी नापास ठरलेली कितीतरी कुत्री शोधपथकांत नाव काढतात. म्हणजे अनेक कामांसाठी पैदास करणाऱ्याला 'नापास' हा शब्द निराळ्या अर्थाने वाचता यायला हवा: कोणत्या कामात, कशामुळे, आणि मग कुठे चाललं? हे लिहून ठेवलं तरच वंशाचा पसारा कळतो. ज्या मादीला पैदाशीसाठी ठेवल्यामुळे कधी कामाला लावलंच नाही, तिचं मोलही तिच्या भावंडांच्या अशा नोंदींवरून काढता येतं. प्रत्येक आईने दोन्ही पदकं जिंकलेली असावीत, असा हट्ट मी धरणार नाही.

आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे पाहून 'हे पोलिसांसाठी, हे घरासाठी' असं सांगणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. स्वीडनमध्ये सरकारी श्वानशाळेने शेफर्ड आणि लॅब्रॅडॉरची पैदास वेगवेगळ्या सेवांसाठी अनेक वर्षं केली. तिथल्या विल्सन आणि सुंडग्रेन यांनी १९९० च्या दशकात आठ आठवड्यांच्या पिल्लांची चाचणी घेऊन तीच कुत्री मोठेपणी तपासली. पिल्लूपणीच्या चाचणीवरून मोठेपणीच्या कामाचा अंदाज बांधता आला नाही. मोठ्या कुत्र्यांची चाचणी मात्र सेवेच्या आणि पैदाशीच्या निवडीला उपयोगी ठरली. पिल्लू विकताना आई-बापांबद्दल आणि मोठ्या भावंडांबद्दल बोला. त्या पिल्लाचं भविष्य सांगू नका.

जातीचं नाव म्हणजेच हमी, हेही सोडावं लागेल. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने सरासरी ९ टक्केच उलगडतात, असं त्यात दिसलं. ती मुख्यतः घरगुती कुत्री होती, निवडक कामाच्या वंशांत चित्र वेगळं असू शकतं हे मला मान्य आहे. पण ते वेगळेपण तुमच्या निवडीने येतं, नावाने येत नाही. निवड थांबली की तेही जातं. अलास्कात तर बर्फावरच्या ओढगाडीच्या एकाच कामातही वंश फुटले. २०१० च्या जनुकीय अभ्यासात थोड्या अंतराच्या वेगवान शर्यतींचे कुत्रे आणि लांब पल्ल्याचे कुत्रे वेगळे ओळखू आले. वेगाकडे पॉइंटर आणि सालुकीचा वारसा, दमाकडे मॅलम्यूट आणि सायबेरियन हस्कीचा. तिथल्या लोकांनी जातीच्या शुद्धतेची पर्वा केली नाही. जो ओढतो तो ठेवला.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच, की वेतातल्या प्रत्येक पिल्लाची किमान दोन वर्षांपर्यंतची नोंद ठेवा. कुठे गेलं, कोणती चाचणी दिली, कशात कमी पडलं, का परत आलं. जाहिरातीत दोन कामांचं नाव घ्यायचं असेल, तर त्या दोन्ही कामांत आई-बाप किंवा त्यांची भावंडं तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी तपासलेली असावीत. आणि जातिसंघटनांनो, वंशनोंदीत विजेत्यांच्या रकान्याशेजारी हा रकाना तुम्हीच सुरू केल्याशिवाय एकटा पैदासकार तो भरणार नाही. आपल्या नापासांची यादी जो प्रामाणिकपणे छापतो, त्याची पिल्लं आज विकली जात नाहीत. सगळ्यांना छापावी लागली, तर त्याचं नुकसान होणार नाही.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कुत्र्याचं माझ्या वहीत एक पान आहे: वंशावळ, आलं तेव्हाचं वय, पहिल्या दिवशी काय केलं, कुठे अडलं, शेवटी कुणाकडे गेलं. निम्म्याहून अधिक पानं 'या कामाला नाही' या शब्दांवर संपतात. आपल्या वंशातल्या कुत्र्यांची पानं ज्याला हवी असतील त्याने मागावीत, मी नक्कल करून देईन. कोकराची मांडी फाडणाऱ्या त्या मादीचं पानही त्यात आहे. ती आता मेंढ्यांपासून लांब, एका घरात सुखाने राहते. तिच्या पाच भावंडांच्या जागा मात्र त्या पानावर अजून कोऱ्या आहेत. ती कुठे आहेत हे तुमच्यापैकी एकाला माहीत आहे. त्यांनी कळवावं, मी वाट पाहते आहे.

आपली,
कामाची कुत्री शिकवणारी एक प्रशिक्षक